पाण्यातलं बाळंतपण: टबात उतरण्याआधी, आत असताना आणि बाहेर येताना

पाण्यातल्या बाळंतपणाची चौकशी करायला येणारी जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारते, "बाळ पाण्यात गुदमरणार नाही ना?" मी मिडवाइफ आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पोटात असताना बाळाला ऑक्सिजन वारेकडून नाळेवाटे मिळतो. फुफ्फुसांत हवा नसते, द्रव असतो. डोकं बाहेर आलं तरी नाळेचं काम सुरूच असतं. पहिला श्वास घ्यायला बाळाला चेहऱ्यावरची हवा, गारवा, हाताळणी अशी चालना लागते. अंगाइतक्या कोमट पाण्यात ही चालना मिळत नाही, म्हणून निरोगी बाळ सहसा पाण्याखाली श्वास घेत नाही. मात्र पोटातच ऑक्सिजन कमी पडलेलं बाळ पाण्याखालीही धाप टाकू शकतं. ज्याच्या चेहऱ्याला एकदा हवा लागली, तेही श्वास घेऊ शकतं. पाणी गार असलं तरी तीच भीती.

पाण्याचं तापमान इतकं काटेकोर का, बाळाचे ठोके सारखे का ऐकायचे, कुणाला टब द्यायचा नाही, बाळाला लगेच वर का घ्यायचं आणि एकदा वर आलेलं डोकं पुन्हा पाण्यात का जाऊ द्यायचं नाही, हे सगळं यातूनच येतं.

पाण्याने काय होतं, काय होत नाही

छातीपर्यंतच्या कोमट पाण्यात शरीर हलकं होतं. नऊ महिन्यांचं पोट घेऊन कूस बदलायला जमिनीवर दोघांचा आधार लागतो, पाण्यात ती एकटी सहज वळते. कंबर आणि पाठ सैल पडते. कळा थांबत नाहीत, पण दोन कळांच्या मधली विश्रांती खरी विश्रांती होते. पाण्याचा मोठा फायदा मला हाच वाटतो.

फ्रान्समधल्या पितिव्हिए इथे डॉ. मिशेल ओदां यांनी प्रसूतिगृहात टब ठेवला होता तो कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून. काही बायका ऐन वेळी बाहेर यायला तयार होईनात आणि बाळं पाण्यातच जन्मली. अशा १०० जन्मांची नोंद त्यांनी १९८३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. टब कळांसाठी असतो आणि जन्म पाण्यात झाला तर झाला, हा मूळ क्रम लक्षात असू द्या. मीही तोच मानते.

अभ्यास काय सांगतात? वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १५ चाचण्या आणि ३,६६३ स्त्रिया होत्या. कळांच्या पहिल्या टप्प्यात (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत) पाण्यात राहिलेल्यांना एपिड्युरलसारख्या (पाठीत सुई देऊन करायच्या) भुलीची गरज थोडी कमी पडली आणि बाळांना त्रास वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये २०१५ ते २०२२ या काळात टब वापरलेल्या ८७,००० हून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात गर्भारपणात गुंतागुंत नसलेल्यांसाठी पाण्यातला जन्म बाहेरच्या जन्माइतकाच सुरक्षित दिसला. सगळे तज्ज्ञ मात्र एकमताचे नाहीत. अमेरिकेतल्या प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की ३७ आठवडे पूर्ण ते ४१ आठवडे ६ दिवस या काळात, गुंतागुंत नसेल तर, पहिल्या टप्प्यात पाण्यात राहायला हरकत नाही, पण पुरेसा पुरावा येईपर्यंत प्रत्यक्ष जन्म पाण्याबाहेरच व्हावा. तुमचे डॉक्टर असं म्हणाले तर ते जुनाट विचारांचे आहेत असं समजू नका. कळा पाण्यात आणि जन्म बाहेर, हाही एक चांगला बेत आहे.

पहिली पायरी: आपण यात बसतो का, हे आधी पाहा

एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, आईची तब्येत ठीक आणि बाळाची वाढ चांगली असेल तर पुढे बोलायला हरकत नाही.

बाळ पायाळू असेल, जुळं असेल, दिवस पूर्ण भरले नसतील, रक्तदाब वाढून प्री-एक्लॅम्प्सिया झाला असेल, अंगावरून रक्त जात असेल, ताप असेल, जननेंद्रियावर नागिणीचे (हर्पिसचे) ताजे फोड असतील किंवा मागच्या खेपेला बाळाचे खांदे अडकले असतील, तर टब नको. इथे मी कुणाची मनधरणी ऐकत नाही. आधी सिझर झालेलं असणं, वजन जास्त असणं, कळा सुरू करायला सलाइनमधून औषध लागणं या बाबतीत ठिकाणानुसार धोरण वेगळं असतं. सतत ठोके दाखवणारं, पाण्यात चालणारं यंत्र तिथे आहे का, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

हा निर्णय एकदा घेऊन संपत नाही. ३६ व्या आठवड्यात 'हो' असलेलं उत्तर कळा सुरू झाल्यावर 'नाही' होऊ शकतं. पाणमोट फुटून पाणी गेलं आणि ते हिरवट, दाट असेल, म्हणजे बाळाने आत शी केली असेल, तर बाळाला त्रास होत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी टबाचा बेत सोडायचा.

दुसरी पायरी: मिडवाइफला मोकळेपणाने प्रश्न विचारा

पाण्यात प्रसूती करणं हे वेगळं कसब आहे. उत्तम मिडवाइफलाही ते शिकावं लागतं, कारण इथे हात आवरायचे असतात आणि डोळे, कान जास्त वापरायचे असतात. तिला विचारा: पाण्यातल्या किती प्रसूती तुम्ही स्वतः केल्या? जन्माच्या वेळी दुसरं प्रशिक्षित माणूस हजर असेल का? (दोघी हव्यातच, एक आईसाठी आणि एक बाळासाठी.) नवजात बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण शेवटचं कधी झालं? मी टबात बेशुद्ध पडले तर मला बाहेर कसं काढाल? मोठ्या रुग्णालयात न्यायचं ठरलं तर किती वेळ लागेल आणि तिथे आधी कुणाशी बोलणं झालेलं असेल?

या शेवटच्या दोन प्रश्नांवर ती अडखळली किंवा "तसं काही होत नाही हो" असं म्हणाली, तर दुसरी मिडवाइफ शोधा. चांगल्या मिडवाइफकडे याची उत्तरं तयार असतात. टबाशेजारी माणूस उचलायची जाळीची झोळी कुठे ठेवलेली असते, कोण डोक्याकडे धरतं, कोण पायांकडे, हे ती तुम्हाला करून दाखवेल.

टबातून बाहेर येण्याचे संकेत याच भेटीत ठरवून घ्या. मी प्रत्येकीला सांगते, "मी 'आता उठायचं' म्हटलं की कारण नंतर विचारायचं, आधी उठायचं." आणि मग कोरड्या टबात बसवून, हात देऊन, उठून बाहेर येण्याचा सराव करून घेते. पोट मोठं असताना टबाच्या काठावरून पाय टाकणं सोपं नसतं, ते अशा वेळी समजतं.

तिसरी पायरी: टब आणि पाणी

प्रसूतिगृहात पक्का टब असेल तर तो निर्जंतुक कसा करतात एवढं विचारलं की पुरे. घरी प्रसूती करायची असेल आणि तिथे त्यासाठी मिडवाइफची रीतसर व्यवस्था असेल, तर हवा भरायचा प्रसूतीचा टब वापरतात. त्यात ५०० ते ७०० लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे माणसं धरून पाऊण टनाच्या आसपास वजन एकाच जागी येतं. जमीन ते पेलेल का, हे जाणकाराला विचारा. टबाभोवती तिन्ही-चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे आणि विजेच्या तारा, हीटर लांब असले पाहिजेत.

टबाला आतून एकदाच वापरायचं नवं अस्तर लावा. नळी नवी, पिण्याच्या पाण्याच्या प्रतीची घ्या. पाणीही पिण्यायोग्यच हवं. तरंगता थर्मामीटर, न फुटणारा छोटा आरसा, पाण्यात चालणारी बॅटरी, बारीक जाळीची गाळणी, पुष्कळ टॉवेल आणि रिकामं करायला पंप लागतो. गाळणी कशाला, असं बहुतेक जण विचारतात. जोर करताना थोडी शी होते, बऱ्याच जणींना होते. मिडवाइफ ती काही न बोलता गाळणीने काढून टाकते. याची लाज बाळगून कळ दाबून धरू नका.

तेल, मीठ, सुगंधी द्रव्यं पाण्यात घालू नका. आणि एक गोष्ट अगदी ठामपणे: टब आदल्या दिवशी भरून, हीटर आणि पंपाने पाणी फिरवत गरम ठेवायची युक्ती करू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. अशा टबात जन्मलेल्या बाळाला त्याचा गंभीर संसर्ग झाल्यावर इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने २०१४ मध्ये या पद्धतीविरुद्ध इशारा दिला होता. पाणी कळा सुरू झाल्यावरच भरायचं.

म्हणूनच आधी एकदा रंगीत तालीम करा. टब फुगवा, भरा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा, गरम पाणी मध्येच संपतं का ते पाहा, मग रिकामा करा. हवा तेवढा भरायला दोन तास लागतात हे ऐन कळांमध्ये कळलं तर काय उपयोग?

चौथी पायरी: उतरायचं कधी

घाई करू नका. कळा नुकत्याच सुरू झाल्या असताना टबात बसलं तर त्या मंदावू शकतात. कळा नियमित झाल्या, लांबल्या, कळ आली की बोलणं थांबू लागलं आणि गर्भाशयाचं तोंड ४ ते ५ सेंटिमीटर उघडलं, की टबाची वेळ झाली. त्याआधी चाला, डुला, शॉवर घ्या. टबात गेल्यावर कळा विरळ झाल्या तर बाहेर या, अर्धा तास हिंडा, पुन्हा उतरा. अशा येरझारा अगदी सामान्य आहेत.

गुंगी आणणारं वेदनाशामक इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर निदान दोन तास, आणि गुंगी असेपर्यंत, पाण्यात उतरायचं नाही. एपिड्युरल घेतल्यावर टब नाहीच. नळीतून ओढून घ्यायचा वेदनाशामक वायू मात्र टबात बसूनही घेता येतो.

पाचवी पायरी: टबात असताना

बसल्यावर पोट पूर्ण बुडून पाणी काखेपर्यंत यायला हवं. पाणी कमी असेल तर तरंगण्याचा फायदा मिळत नाही. तापमान ३६ ते ३७ अंश सेल्सिअस असावं आणि ३७.५ च्या वर कधीच जाऊ नये. "अजून थोडं गरम चालेल" असं आईला वाटतं, पण तिचं अंग तापलं की आत बाळही तापतं आणि त्याचे ठोके वाढतात. म्हणून दर तासाला पाण्याचं आणि आईचं, दोन्ही तापमानं मोजून लिहायची. चेहरा लाल झाला, डोकं भणभणलं तर लगेच सांगा. गार पाण्याचा कपडा कपाळावर ठेवणं आणि दर थोड्या वेळाने पाण्याचे घोट देणं ही सोबत्याची कामं. दोनेक तासांनी लघवीला बाहेर या, कारण भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं.

मिडवाइफ पाण्यात चालणाऱ्या डॉपलरने (बाळाचे ठोके ऐकायच्या हातातल्या यंत्राने) पहिल्या टप्प्यात साधारण दर १५ मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट ठोके ऐकते. जोर करायची वेळ आली की दर ५ मिनिटांनी. हे सारखं सारखं त्रासाचं वाटेल, तरी ऐकू द्या. पाण्यात बाळाबद्दल आम्हाला जे कळतं ते मुख्यतः या ठोक्यांवरूनच.

कसं बसायचं हे कुणी शिकवायची गरज पडत नाही. गुडघ्यांवर बसून काठावर हात आणि डोकं टेकणं बहुतेकींना आवडतं. कुणी उकिडवी बसते, कुणी सोबत्याच्या छातीला पाठ टेकून रेलते.

गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडत आलं की एक वेळ अशी येते की धीर खचतो. अंग थरथरतं, मळमळतं, "मला नाही जमणार, मला घरी जाऊ दे" असं तोंडून निघतं. या वेळी मी शब्द कमी करते. हात तिच्या हातावर ठेवते आणि हळू म्हणते, "ही गेली. आता पुढची येईपर्यंत काही करायचं नाही." सोबत्यांनी इथे सल्ले द्यायचे नाहीत, नुसतं जवळ राहायचं.

ठोके मंदावले, रक्त जास्त जाऊ लागलं, ताप आला, पाणी हिरवं दिसलं, चक्कर आली किंवा प्रगती थांबली, तर बाहेर यायचं. एका पहिलटकरणीने महिनाभर टबाचंच स्वप्न पाहिलं होतं. जोर करताना ठोके दोनदा खाली गेले आणि लवकर सावरेनात. मी "आता उठायचं" म्हटलं. ती उठली, सरावात ठेवला होता तसाच उजवा पाय आधी काठावर ठेवून. पुढच्या काही कळांत बाळ पलंगावर जन्मलं, नाळ मानेभोवती घट्ट होती, आणि ते रडलं. नंतर तिनेच विचारलं, "ताई, मी पाण्यातलं बाळंतपण केलं असं म्हणू शकते का?" म्हटलं, सात तास पाण्यात होतीस, म्हणच.

सहावी पायरी: जन्म

श्वास कोंडून, मोजून जोर लावायची इथे गरज नसते. शरीर आपसूक ढकलतं, त्याला साथ द्या. मिडवाइफ आरसा पाण्याखाली धरते. बॅटरीच्या उजेडात आधी बाळाचे केस दिसतात, पाण्यात हळूहळू हलणारे. कळ ओसरली की डोकं पुन्हा थोडं मागे जातं. घाबरू नका, दोन पावलं पुढे आणि एक मागे अशीच ती वाट असते. जळजळ वाढली की जोर थांबवून छोटे छोटे श्वास टाका, डोकं सावकाश येऊ द्या. हवं तर हात खाली नेऊन स्वतः स्पर्श करा.

डोकं बाहेर आल्यावर पुढची कळ येईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं काहीच घडत नाही. टबाभोवतालच्या माणसांना ती शांतता जड जाते. मिडवाइफ हात लावत नाही, कारण उगाच स्पर्श म्हणजे श्वासाची चालना. या वेळी आईचं बूड पाण्याच्या वर येता कामा नये. आलंच आणि बाळाच्या चेहऱ्याला हवा लागली, तर पुन्हा खाली बसायचं नाही, उभ्यानेच जन्म होऊ द्यायचा. पुढच्या कळेला खांदे आले नाहीत तर मिडवाइफ तुम्हाला उभं राहून एक पाय काठावर ठेवायला सांगेल. त्या हालचालीने कटी उघडते आणि बरेचदा तेवढ्यानेच खांदा सुटतो.

अंग बाहेर आलं की बाळाला लगेच, पण झटका न देता, चेहरा आधी असं वर घ्यायचं. झटका का नाही? नाळ आखूड असू शकते आणि ती तुटली तर बाळाचं रक्त जातं. पाण्यातल्या जन्मात नाळ तुटण्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त आढळलं आहे. एकूण ते कमीच, तरी नाळेचे चिमटे मिडवाइफच्या हाताशीच हवेत.

बाळ तुमच्या छातीवर, अंग पाण्यात आणि डोकं बाहेर. डोकं पुसून टोपी घाला. पाण्यात जन्मलेली बाळं पुष्कळदा मोठ्याने रडत नाहीत, डोळे उघडून पाहत राहतात. रडलं नाही म्हणून पाठ थोपटायची घाई नको, पण श्वास सुरू झालाय का, अंग सैल तर नाही ना, हे मिडवाइफ पहिल्या क्षणापासून तपासत असते. शंका आली तर ती बाळाला आणि तुम्हाला बाहेर घेईल. सगळं ठीक असेल तर नाळ निदान एक मिनिट तरी कापायची नाही.

सातवी पायरी: वार

मी वार पडण्यासाठी आईला टबाबाहेर घेते. पाण्यात किती रक्त गेलं याचा अंदाज फसतो. थोडं रक्तही पाणी लाल करतं आणि जास्त गेलेलं लक्षात येत नाही. गर्भाशय आकसण्यासाठीचं ऑक्सिटोसिन इंजेक्शनही बाहेर आल्यावरच द्यायचं. उठताना दोघांचा आधार घ्या, चक्कर येते. कोरडं अंथरूण, गरम पांघरूण, बाळ उघड्या छातीवर, आणि तिथेच पहिलं दूध. टाके लागणार असतील तर ऊतींमध्ये मुरलेलं पाणी ओसरावं म्हणून थोडा वेळ थांबतात, रक्त जास्त जात असेल तर मात्र लगेच घालतात.

पुढचे काही दिवस बाळ मिनिटाला ६० पेक्षा जास्त वेगाने श्वास घेत असेल, कण्हत असेल, दूध ओढत नसेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल तर त्याच तासाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. जन्म पाण्यात झाला हे त्यांना आपणहून सांगा, म्हणजे कोणत्या संसर्गाची तपासणी करायची हे त्यांना लगेच ठरवता येईल.